विरजण कुणाकडे मागायचं?

ताई, जय ख्रिस्त.

मी लातूरला एका दवाखान्यात नर्स आहे, वय ३८. मिस्टर शिक्षक, दोन लेकरं, सासूबाई आमच्याजवळच असतात. सात वर्षं झाली, आम्ही एका बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहतो. समोरच्या घराशी आमची ओळख ताटापुरती. नाताळात आमच्याकडून करंज्या-चकल्यांचं ताट जातं, दिवाळीत त्यांच्याकडून येतं. एरवी जिन्यात भेटलं तर हसायचं. मागच्या महिन्यात त्यांच्याकडचे आजोबा वारले. मला दोन दिवसांनी वॉचमनकडून कळलं. मी नर्स आहे ताई. भिंतीपलीकडे माणूस आजारी होतं आणि मला पत्ताच नव्हता.

त्यानंतर आमच्या चर्चच्या मंडळीतल्या सहा कुटुंबांचं बोलणं सुरू झालं. माझा मामेभाऊ परदेशात शिकून आलाय. त्याने को-हाउसिंगबद्दल सांगितलं. प्रत्येकाचं घर आपापलं, पण मधोमध सगळ्यांचं एक घर, आठवड्यातून दोन-तीनदा एकत्र जेवण, लेकरं सगळ्यांच्या नजरेखाली. आम्हाला वाटलं, शेजाऱ्यावर प्रीती करा असं प्रभूने सांगितलंय, ते असं राहिल्याने जमेल. रिंगरोडच्या पलीकडे दीड एकर बघितलीय, पुढच्या महिन्यात बयाणा द्यायचाय. पाळकसाहेब म्हणतात, थांबलात तर मिशनच्या कंपाउंडातली रिकामी जागाही मिळू शकेल. मिस्टरांचं म्हणणं, फक्त आपल्याच लोकांची वसाहत असावी, म्हणजे कटकट नाही. आणि सासूबाई एकच वाक्य बोलल्या, ‘कंपाउंडातून बाहेर पडायला आम्हाला चाळीस वर्षं लागली, तुम्ही पुन्हा कंपाउंड बांधता का?’ तेव्हापासून मला झोप नाही. शिवाय भीती वाटते, आजूबाजूचे म्हणतील, हा धर्मांतराचा अड्डा आहे. काय करू?

— लातूरची एक बहीण

*

तुला ‘तू’च म्हणते, माझी थोरली लेक तुझ्याएवढी आहे.

आधी सासूबाईंना माझा सलाम सांग. त्यांचं ते एक वाक्य मी तीनदा वाचलं. कारण मीही कंपाउंडातली. माझी आई मिशनच्या दवाखान्यात दाई होती आणि माझं सगळं लहानपण मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या गावी त्या भिंतीच्या आत गेलं. आत चिंचेची झाडं, शाळा, दवाखाना, चर्च, आणि मे महिन्यातही न आटणारी विहीर. काही कमी नव्हतं. संध्याकाळी घंटा झाली की आम्ही प्रार्थनेला जायचो. फाटकासमोर रस्त्यापलीकडे एक काकू राहायच्या, त्यांच्या म्हशी होत्या. त्यांचा मुलगा आमच्याकडे दूध घालायचा. आई गेली त्या दिवशी त्या काकू आल्या, आईच्या उशाशी बसल्या आणि रडता रडता मला म्हणाल्या, ‘बाई, बावीस वर्षं तुमची घंटा ऐकून मी भाकरीला बसते. फाटकाच्या आत मात्र आजच आले.’

त्यांना कुणी अडवलं नव्हतं. फाटक दिवसभर उघडं असायचं. मग त्या आल्या का नाहीत, हा प्रश्न मला कितीतरी वर्षं पुरला.

त्याचं उत्तर मला लग्नानंतर उदगीरला मिळालं. आम्ही एका गल्लीत दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. आडनावावरून आणि भिंतीवरच्या क्रूसावरून आम्ही कोण ते सगळ्यांना पहिल्याच दिवशी कळलं. कुणी वाईट बोललं नाही, पण कुणी बोललंही नाही. आठवड्याने एका रात्री दूध लावायला बसले तर घरात विरजणच नव्हतं. मी लाजत लाजत शेजारचं दार वाजवलं. त्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं, आत गेल्या, छोट्या वाटीत बोटभर दही घेऊन आल्या आणि वाटी हातात देण्याऐवजी उंबऱ्यावर ठेवली. मी उचलून घेतली. दुसऱ्या दिवशी वाटी धुतली, रिकामी कशी द्यायची म्हणून तिच्यात थोडे शेंगदाणे घातले आणि तशीच उंबऱ्यावर ठेवली. दोन महिन्यांनी त्यांच्याकडचं विरजण संपलं तेव्हा त्या माझ्या दारात आल्या, आणि त्या दिवशी वाटी हातातून हातात गेली. पुढे त्या घरातल्या लेकीचं पहिलं बाळंतपण माझ्या आईने शिकवलेल्या पद्धतीने मी शेकलं-धुतलं.

कंपाउंडात आमच्याकडे विरजण कधी संपलंच नाही. म्हणजे एका घरातलं संपायचं, पण पंचवीस घरं होती, मागायला बाहेर जावं लागायचं नाही. आम्ही गावाला दिलं भरपूर. औषध दिलं, शाळा दिली, दुष्काळात धान्य वाटलं. मागितलं मात्र काही नाही. आणि जो कधीच काही मागत नाही त्याच्या घरी लोक कामापुरते येतात, काम झालं की जातात. काकूंना आमच्याकडे यायला बाळंतपण किंवा मरण लागलं असतं. दुसरं निमित्तच आम्ही ठेवलं नव्हतं.

मला तुला एवढंच सांगायचंय. तुमच्या सहा कुटुंबांची वसाहत जितकी छान चालेल, तितकी तुमची बाहेरची गरज कमी होईल. साखर आत मिळेल, लेकरं सांभाळायला मावश्या आत, आजारपणात रात्री जागायला माणूस आत, मन मोकळं करायला आत. हे सुख खरं आहे, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण तू पत्र लिहिलंस ते समोरच्या आजोबांमुळे. सहा ख्रिस्ती घरं एकमेकांच्या जवळ आली म्हणून ते आजोबा तुला कळले असते का?

कंपाउंडं बांधणाऱ्यांना मी दोष देत नाही. त्यांच्यापुढे दुसरा रस्ता नव्हता. जालन्याजवळ बेथेल आहे, रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी वसवलेलं. १८४३ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, पुढे ते जालन्याकडे कामाला आले, आणि निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून त्यांनी ख्रिस्ती झालेल्या माणसांचं गाव उभं केलं. ज्यांना आपल्या गावच्या पाणवठ्यावर जागा नव्हती, ज्यांच्या नावावर वीतभर रान नव्हतं, त्यांना स्वतःची विहीर आणि स्वतःचं शेत मिळणं ही केवढी गोष्ट होती! तुझ्या सासूबाईंच्या आज्या-पणज्या अशाच कुठल्या तरी भिंतीच्या आत पहिल्यांदा ताठ मानेने चालल्या असतील. पण पुढच्या पिढ्यांना त्या भिंतीची सवय झाली. आपल्यातल्याच काहींना ते खुपलंही. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती. दोनच वर्षांत ते गेले आणि ते काम मोठं होऊ शकलं नाही. तरी शंभर वर्षांपूर्वी तुझ्या सासूबाईंसारखाच विचार कुणीतरी करत होतं, हे तुला माहीत असावं.

आता तुझ्या मामेभावाने सांगितलेल्या को-हाउसिंगचं. त्याची सुरुवात डेन्मार्कात झाली. यान गुडमन-हॉयर नावाच्या आर्किटेक्टने आणि त्याच्या मित्रांनी १९६४ च्या सुमारास कोपनहेगनजवळ जमीन घेऊन अशी वसाहत बांधायचं ठरवलं. नकाशे झाले, सगळं झालं, आणि शेजाऱ्यांनी विरोध केला. इतकी घरं, इतकी लेकरं, गोंगाट होईल म्हणाले. तो बेत तिथेच बारगळला. एकत्र राहण्याची एवढी सुंदर कल्पना पहिल्यांदा मोडली ती भोवतालच्या माणसांना न रुचल्यामुळे, हे मला फार बोलकं वाटतं. पुढे १९६७ मध्ये बोडिल ग्रो नावाच्या बाईंनी तिथल्या वर्तमानपत्रात लेख लिहिला की एकेका लेकराला शंभर आईबाप असावेत. तो वाचून माणसं पुन्हा जमली, आणि १९७२ मध्ये सेटेडामेन ही सत्तावीस घरांची वसाहत उभी राहिली. अमेरिकेत ही पद्धत पोचायला १९९१ साल उजाडलं, तेही कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस गावात सव्वीस घरांनी.

यात धर्माचा काही संबंध नव्हता, हेही लक्षात घे. ती माणसं एकटेपणाला कंटाळलेली होती, आणि दिवसभर नोकरी करून आल्यावर पुन्हा चुलीशी उभ्या राहणाऱ्या बायका थकल्या होत्या. त्यांनी जे केलं त्यातल्या काही युक्त्या मात्र उचलण्यासारख्या आहेत. गाड्या कडेलाच उभ्या करायच्या, म्हणजे घरापर्यंत चालत जावं लागतं आणि वाटेत माणूस भेटतं. स्वयंपाकघराची खिडकी चालायच्या वाटेवर उघडायची, म्हणजे कांदा चिरता चिरता कोण आलं-गेलं दिसतं. प्रत्येक घराला आपली चूल असतेच, एकत्र जेवण आठवड्यातले ठरलेले दिवस. आणि नकाशा काढताना राहणारे सगळे बसलेले असतात, बिल्डर एकटा नाही. मराठवाड्यातल्या बाईला यात नवीन काय? वाड्यात हेच होतं. सामाईक चौक, सामाईक आड, आणि दाराशी ढाळज.

ढाळजेवर मला थोडं जास्त बोलू दे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी औसा तालुक्यात शाळेवर होते. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं, माणसं गाढ झोपेत, आणि दगड-मातीच्या जाड भिंती, माळवदं अंगावर आली. नंतर गावं नव्या जागी वसवली. घरं पक्की मिळाली, रस्ते रुंद झाले, आणि त्याची गरज होतीच, दाटीतच माणसं गेली होती. पण वर्षा-दोन वर्षांनी माझ्या विद्यार्थिनींच्या घरी जायची तेव्हा म्हाताऱ्या बायका एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायच्या, ‘बाई, बसायला जागा नाही.’ घरात खोल्या होत्या, पुढे अंगण होतं. त्यांना ढाळज म्हणायची होती. घरात न शिरता, चप्पल न काढता, चहा न मागता ज्या जागी टेकता येतं ती. जी अर्धी घरमालकाची आणि अर्धी रस्त्याची असते. एका आजीने शेवटी नव्या घराच्या पायरीला लागून स्वतःच्या हाताने मातीचा वटा घातला, चांगला दोन हात लांब. पंधरा दिवसांत गल्लीतल्या सगळ्या म्हाताऱ्या तिथे.

तर तुमचं ते सामाईक घर मधोमध बांधू नका. तिकडच्या वसाहतींत ते आतल्या लोकांना सोयीचं म्हणून आत असतं. तुमचा हेतू वेगळा आहे. ते रस्त्याच्या अंगाला बांधा, त्याला ढाळज काढा, आणि तिचं तोंड बाहेर ठेवा. भिंत घालायची तर कंबरेएवढी. लेकरांसाठी भिंत उंच हवी असं मिस्टर म्हणतील. त्यांना सांग, ज्या रस्त्यावर दिवसभर ओळखीची माणसं बसलेली असतात, त्या रस्त्यावर लेकरू जास्त सुरक्षित असतं. आणि बाहेरच्या बाजूला पाण्याचा एक नळ ठेवा. लातूरकरांना पाण्याचं मी काय सांगू! एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, पहिल्या गाडीत पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यात कुणाच्या घरात किती घागरी आहेत हे अख्ख्या गल्लीला पाठ होतं. वाईट दिवस होते, पण शेजारी एकमेकांना तेव्हा नावाने ओळखायचे.

पाण्यावरून एक. याकोबाच्या विहिरीवर प्रभू येशू भर दुपारी दमून बसला होता आणि शोमरोनी बाई पाणी भरायला आली, ही गोष्ट तू संडेस्कूलमध्ये शंभरदा ऐकली असशील. तिच्याशी त्याचं पहिलं बोलणं काय होतं? मला पाणी दे. शिकवण नंतर, जिवंत पाणी नंतर. आधी त्याने मागितलं, आणि तेही जिच्या भांड्यातलं पाणी त्याच्या लोकांना चालत नव्हतं तिच्याकडे. मराठवाड्यात हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. आपल्या आजोबांना वरून ओंजळीत पाणी ओतलं जायचं. त्यामुळे मागण्यात आपल्याला कमीपणा वाटतो, आणि तो का वाटतो हे मला आतून ठाऊक आहे. दोन पिढ्या शिकलो, नोकऱ्या केल्या, ते आता कुणापुढे हात पसरायला लागू नये म्हणूनच. सासूबाईंना, तुला, मला ही गोष्ट सोपी जाणार नाही. तरी वाटीभर विरजण मागणं हे हात पसरणं नव्हे, हे मी उदगीरच्या त्या उंबऱ्यावर शिकले.

जागेचं आता स्पष्टच सांगते. रिंगरोडच्या पलीकडच्या दीड एकराभोवती आज काय आहे? सोयाबीन असेल. मग शेजारी कोण? पाच-सात वर्षांनी तिथे प्लॉटिंग होईल, तोवर तुम्ही सहा घरं एकमेकांचंच तोंड बघाल आणि वसाहतीची घडी तशीच बसेल. मी तुझ्या जागी असते तर वस्तीतली जागा शोधली असती, लहान मिळाली तरी. जुन्या गल्लीतलं एखादं पडकं घर, शेजारचे दोन प्लॉट, किंवा एकाच गल्लीत पुढे-मागे चार घरं. एक एकर सलग असलीच पाहिजे असं कुठे आहे? आधी वर्षभर तिथे दोन-तीन कुटुंबांनी भाड्याने राहून बघा. आठवड्यातून दोनदा एकत्र जेवायला सुरुवात करा, एकाच्या हॉलमध्ये सतरंजी टाकून. भांडी कोण घासतं आणि कोण प्रत्येक वेळी फोन आला म्हणून उठतं, हे तुम्हाला तीन महिन्यांत कळेल. जमिनीत पैसे अडकण्याआधी ते कळलेलं बरं.

कंपाउंडातल्या रिकाम्या जागेचा नाद सोडा. ती विश्वस्त संस्थेची मालमत्ता. ती विकायची किंवा दीर्घ मुदतीने भाड्याने द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, आणि अशा जमिनींचे वाद कोर्टात किती वर्षं चालतात ते आपल्या मंडळ्यांना चांगलं माहीत आहे. पाळकसाहेबांचा हेतू चांगला असेल, पण तुझ्या लेकरांच्या डोक्यावरचं छप्पर त्या वादात नको. बाहेरची जमीन घेणार असाल तर सातबारा आणि फेरफार वकिलाला दाखवा, भोगवटादार वर्ग दोनची, म्हणजे सरकारच्या परवानगीशिवाय विकता न येणारी, तर नाही ना ते बघा, तिथे घरं बांधायची मुभा आहे का, प्लॉटपर्यंतचा रस्ता कागदावर आहे का ते बघा. सहकारी गृहनिर्माण संस्था नोंदवा. एखाद्या कुटुंबाची बदली झाली, नवरा-बायकोचं पटलं नाही, कुणी गेलं, तर त्याचा हिस्सा कोण आणि कोणत्या हिशोबाने घेणार, हे पहिल्या दिवशी लिहून काढा. एका मंडळीतले आहोत, लिहायची काय गरज, असं कुणीतरी म्हणेलच. त्याचं ऐकू नका.

मिस्टरांच्या मुद्द्याकडे येते. ‘फक्त आपलेच लोक’ असं कायद्याने करता येतं का? अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेने सभासद पारशीच हवा असा नियम केला होता, आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. पण तोच दाखला उद्या दुसरी सोसायटी तुझ्या नावापुढे ठेवेल. ख्रिस्ती माणसाला, मुसलमान माणसाला, बौद्ध माणसाला भाड्याने घर देताना लातूरपासून संभाजीनगरपर्यंत काय काय सबबी सांगतात ते तू ऐकलेलं आहेस. आपल्याला लागलेलं ते दार आपणच दुसऱ्याला लावायचं का? माझं मत विचारशील तर सहा घरांत निदान दोन घरं मंडळीबाहेरची असू देत. तुझ्या दवाखान्यातली एखादी सिस्टर, मिस्टरांच्या शाळेतले एखादे सर. त्यांना मागाहून घेऊन उपयोग नाही, नकाशा काढायलाच बोलवा. मग तुमची बुधवारची प्रार्थना तुमच्या घरात होईल आणि सामाईक घर सगळ्यांचं राहील, आणि हे आपोआप पाळलं जाईल, कारण बघायला माणूस समोर असेल.

सामाईक स्वयंपाकघर शाकाहारी ठेवा. मटण ज्याने त्याने आपल्या चुलीवर करावं. यावर तुमच्यात वाद होईल, आपण का लपवायचं म्हणून. लपवायचं काहीच नाही, पण ज्या बाईला तुमच्या पंगतीला बसायचंय तिची एक अडचण कमी होते. तरीही काहीजण जेवणार नाहीत. आज उपवास आहे म्हणतील, नुकतंच जेवून आलो म्हणतील. तू नर्स आहेस, खरी सबब आणि खोटी सबब तुला कळत असणार. वाईट वाटेल, वाटू दे. त्यांना कढीपत्ता माग, शेवग्याच्या शेंगा माग, शिडी माग. शिजलेलं अन्न सगळ्यात शेवटी येतं.

धर्मांतराच्या संशयाचं काय? तो येणार. तुमच्याबद्दल कुणी काही बोलण्याआधी तुम्हीच गल्लीतल्या चार जाणत्या माणसांकडे जा, सांगा की आम्ही ख्रिस्ती आहोत, रविवारी चर्चला जातो, आणि इथे राहायला येतोय. एवढंच, आणि ते पूर्ण खरं असू दे. मनात जर असं असेल की आधी ओळख वाढवू आणि मग हळूच बोलू, तर तो शेजार नव्हे, तो गळ झाला, आणि माणसाला गळ कळतो. कुणी तुझ्या श्रद्धेबद्दल विचारलं तर मोकळेपणाने सांग, लाजू नकोस. पण तुझी मैत्री त्याच्या उत्तरावर अवलंबून नाही हे तुझ्या वागण्यातून दिसलं पाहिजे. अभ्यासिका, फुकट तपासणी, शिकवण्या असले उपक्रम पहिल्या वर्षी सुरू करू नका. लातूरला गावोगावची लेकरं खोल्या घेऊन शिकायला येतात, त्यांच्यासाठी अभ्यासिका काढावी असं तुमच्यापैकी कुणाच्या तरी मनात येईलच, आणि ती कल्पना वाईट नाही. फक्त पहिल्याच वर्षी काढली की तुम्ही पुन्हा देणारे झालात आणि गल्ली घेणारी झाली. कंपाउंड विटांशिवायही उभं राहतं.

देण्याआधी घ्यायला शिका. यळवस, म्हणजे वेळ अमावस्येचा रानातला सण, येईल तेव्हा कुणी ना कुणी रानात बोलवेल. जा. लेकरांना घेऊन जा, कडब्याच्या कोपीपाशी बस, भज्जी-भाकरी खा, आंबील पी. पूजेत तुझं मन नसेल तर हात जोडून बाजूला उभी राहा, शेतकरी माणूस त्याने रागावत नाही. त्याला राग येतो तो आंबील न पिता निघून गेलेल्या पाहुण्याचा. मी तीस वर्षं जातेय, माझ्या श्रद्धेला काही झालं नाही.

मिस्टरांशी भांडू नकोस. त्यांच्या बोलण्यात भीती आहे आणि ती उगाच नाही. सासूबाईंना मात्र त्या सहा कुटुंबांच्या पुढच्या बैठकीत घेऊन जा. कंपाउंड कसं होतं, त्यातून त्या बाहेर का पडल्या, पडल्यावर पहिलं वर्ष कसं गेलं, ते त्यांना सांगू दे. तासभर लागला तरी कुणी मध्ये बोलायचं नाही. नकाशा त्यानंतर काढा. आणि बयाणा निदान यळवशीपर्यंत लांबवा, दीड एकर कुठे पळून जात नाही.

त्याआधी तुझं एक काम राहिलंय. समोरच्या घरी तू अजून भेटायला गेलेली नाहीस, असं मला पत्रावरून वाटलं. महिना झाला म्हणून संकोच करू नकोस. संध्याकाळी जा, एकटी जा, हातात काही नेऊ नकोस. आजोबांना काय होत होतं ते विचार, शेवटचे दिवस कसे गेले ते ऐक. ‘मी समोरच होते आणि मला कळलं नाही,’ एवढं म्हण. चहा दिला तर पी. मग आठ-दहा दिवस जाऊ दे, आणि एके रात्री घरातलं विरजण संपू दे.